घरात कोणी नसताना

शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर निवाडा बेबीताईंनीच दिला होता, त्यामुळे पुढे जे झालं त्यावर बोंब मारायची त्यांना सोयच उरली नाही.

वाद जुनाच होता. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या टेकडीवरच्या त्या घरात दर हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, उगवायचा. नागसेन, म्हणजे बेबीताईंचा एकुलता एक, इंजिनीअर. त्याचं म्हणणं, दोन दिवस बाहेर जायचं तर घर तापवणाऱ्या हीट पंपाचा आकडा खाली आणून ठेवायचा, सरळसरळ वीज वाचते. सून श्रद्धा हॉस्पिटलात नर्स. तिचं म्हणणं, घर एकदा गार पडलं की भिंतीसुद्धा गार पडतात, परत तापवायला दुप्पट वीज जाते, मग वाचलं काय डोंबल? दोघांचं आपापलं पालुपद दोन-दोनदा म्हणून झालं आणि दोघांनीही बेबीताईंकडे पाहिलं.

मनमाड स्टेशनच्या तिकीट खिडकीवर तीस वर्षं काढलेली बाई. निकाल द्यायला तिला कधी वेळ लागला नाही.

"आपण मनमाडला बंब पेटवायचो," बेबीताई म्हणाल्या. "आंघोळी उरकल्या की विझू द्यायचो. उद्या परत गरम पाणी लागणार म्हणून दिवसभर कुणी त्यात लाकडं घालत बसलं होतं का? पाणी जितका वेळ गरम ठेवाल तितका वेळ त्याची ऊब हवेत जात राहणार. गार झाल्यावर जायला उरतंच काय? घराचंही तेच. घरात कोणी नसेल तर तापवायचं कुणासाठी?"

नागसेनने टेबलावर थाप मारली. "बघ. तीन वर्षं हेच सांगतोय मी."

"तुम्ही मायलेकरं नेहमीच एका बाजूला," श्रद्धा म्हणाली आणि हसत ताटं उचलायला लागली. बेबीताईंना बरं वाटलं. लेकाच्या घरात आपला शब्द चालतो, हे कुठल्या आईला आवडत नाही?

आणि त्या दिवसांत त्यांना अशा बरं वाटण्याची गरजही होती. मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून त्या आल्या होत्या, आणि आता नागसेन म्हणत होता, कायमचीच राहा. बाबा गेले, मनमाडला तू एकटी, इथे इशिताला आजी मिळेल, आम्हाला आई मिळेल. कोपऱ्यातली खोली, जिच्या खिडकीतून खाडीचं पाणी दिसतं, ती तर त्याने आईची खोली म्हणायला सुरुवातही केली होती. फक्त हो म्हण, पुढचं मी बघतो. बेबीताईंनी रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. श्रद्धाच्या भावाने, सुशांतने, तिकडे ऑकलंडच्या खाली पुकेकोहेला घर घेतलं होतं. शनिवारी तिथे नव्या घरासाठी भन्तेजींचा परित्राणपाठ होता, आणि नागसेन, श्रद्धा, इशिता तिघं विमानाने जाऊन रविवारी परतणार होती. बेबीताईंनी गुडघ्यांचं निमित्त काढून मागे राहायचं ठरवलं. दोन दिवस घर रिकामं मिळालं की शांतपणे विचार करते, म्हणाल्या. खरं सांगायचं तर विचार कसला, मनातून त्यांचं हो म्हणून कधीच झालं होतं. फक्त लगेच हो म्हटलं की माणूस हावरट दिसतं, एवढंच.

शनिवारी सकाळी गाडी उतारावरून खाली गेली. इशिताने मागच्या काचेतून हात हलवला. "बाय आजी, सी यू टुमॉरो." बेबीताई आत आल्या, चहा ठेवला, आणि आता निवांत बसायचं म्हणून सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या.

चहा संपेपर्यंत छताच्या जाळीतून येणारी हीटरची ती मंद घरघर बंद पडली होती.

आधी त्यांनी लक्ष दिलं नाही. थांबतं मधूनमधून, परत सुरू होतं. त्यांनी डाळ शिजायला टाकली, ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या. पण ताटावर बसल्या तेव्हा पायांच्या बोटांना गार वारा झोंबत होता आणि खिडकीच्या काचा आतून घामेजल्या होत्या. इथली थंडी ही अशी. मनमाडची थंडी अंगणात असते, माणूस तिला टाळून घरात शिरतं. इथे बाहेर लख्ख ऊन आणि थंडी आपली घरात पाहुणीसारखी बसलेली. त्या उठून बोळातल्या भिंतीवरच्या हीटरच्या पट्टीपाशी गेल्या. रोज तिथे एकवीसचा आकडा आणि खाली 'होम' असं दिसायचं. आज आकडा चौदा होता आणि खाली लिहिलं होतं, 'अवे'. म्हणजे मंडळी बाहेरगावी आहेत.

बेबीताईंनी ते दोनदा वाचलं.

"मंडळी बाहेर आहेत," त्या भिंतीला म्हणाल्या. "मग मी कोण उभी आहे इथे?"

चुकून राहिलं असेल. त्यांनी वरचा बाण दाबत दाबत आकडा वीसवर आणला. जाळी घरघरली, गरम हवा खाली आली. हां, आता ठीक. त्या जेवल्या, भांडी घासली, जरा लवंडल्या. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा सगळं चिडीचूप. बोळात येऊन बघतात तर आकडा परत चौदा.

आता मात्र त्यांना संशय आला. घर नागसेनच्या फोनमध्ये असतं, हे त्यांना ठाऊक होतं. मार्चमध्ये आल्या आल्या त्यानेच कौतुकाने दाखवलं होतं. ॲपमध्ये घराचं चित्र, त्यात दोन माणसांची डोकी, एक त्याचं, एक श्रद्धाचं. ऑफिसात बसून मी घरातला दिवा लावू शकतो, आई. तुझाही फोन जोडायचाय यात, म्हणाला होता, आणि नंतर ते राहूनच गेलं. म्हणजे तो तिकडे बसून बघतोय. आपण आकडा वर नेतो आणि तो तिकडून खाली आणतो.

छे, असं कसं करेल तो? बेबीताईंनी पुन्हा बाण दाबला आणि या वेळी तिथेच उभ्या राहिल्या. शाल घट्ट धरून, पाय बदलत, पट्टीवर नजर ठेवून. गाडी यार्डात अडकली की प्रवासी खिडकीपाशी उभे राहतात तशा. बराच वेळ वीस राहिला. त्यांना हायसं वाटायला लागलं होतं. मग कुणीही हात न लावता आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत चौदावर गेला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. बेबीताईंचे तळपाय तर बर्फ झाले होते, पण मस्तकात आग गेलीच.

फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोलणार काय? घरात कोणी नसेल तर तापवायचं कुणासाठी, हे कोण म्हणालं होतं? बंबाचा दाखला कुणी दिला होता? आईनेच सांगितलं आणि लेकाने ऐकलं. आज्ञाधारक आहे पोरगा. एवढंच की आई म्हणाली 'कोणी नसेल तर', आणि त्याने हिशेब केला की उरतंय कोण, एक म्हातारी. एकट्या म्हातारीसाठी चार खोल्या कोण तापवणार? आता फोन करून मला थंडी वाजते म्हणायचं, म्हणजे ऊब मागून घ्यायची. तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली बाई, बाहेरच्या रांगेत उभं राहून मागायला तिची जीभ उचलेना.

मग दिवसभर त्यांचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. या खोलीतून त्या खोलीत. काचा पुसल्या, पुन्हा घामेजल्या, पुन्हा पुसल्या. खाडीच्या खिडकीपाशी बसून पाहिलं तर ती सगळ्यात गार निघाली. नागसेनचं जाड जाकीट स्वेटरवर चढवलं. घर अगदी खायला उठलं तेव्हा मागच्या पायऱ्यांवर उन्हात जाऊन बसल्या.

कुंपणापलीकडे शेजारीण मेरे कपडे वाळत घालत होती. मेरे त्यांच्याच वयाची माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली बाई, एकटीच राहायची. 'बेबी' हे साठी उलटलेल्या बाईचं नाव असू शकतं, याची तिला पहिल्या दिवसापासून मजा वाटायची.

"किया ओरा, बेबी," ती म्हणाली. "असं जाकीट घालून बाहेर? ये, चहा घे माझ्याकडे. शेगडी पेटवलीय."

"नको, थँक्यू. ऊन छान आहे," बेबीताई आपल्या तिकीट खिडकीच्या इंग्रजीत म्हणाल्या. घरचं थंड घरातच बरं. शेजारणीला कशाला दाखवा?

संध्याकाळी नागसेनचा फोन आला. मागे गोंगाट, भांड्यांचा आवाज, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"आई, जेवलीस का? पाठ मस्त झाला. भन्तेजींनी तुझी चौकशी केली."

"जेवले."

"काय करतेस?"

"बसलेय." त्या थांबल्या. आता तरी विचारेल, म्हणून थांबल्या. गार पडलंय का गं घर, एवढं जरी म्हणाला असता तरी त्यांनी सगळं माफ करून टाकलं असतं, वर आपणच हसल्या असत्या.

"काही लागलं तर सांग हं."

"मला काय लागणार?"

"ओके, ठेवतो. सगळे जेवायला थांबलेत." आणि त्याने ठेवला.

बेबीताईंना इतकं एकटं वाटलं की त्यांनी लगेच मनमाडला आनंदीला लावला. आनंदी म्हणजे समोरच्या दारातली मैत्रीण. घराची किल्ली तिच्याकडेच असायची. तिकडे दुपार होती.

"जयभीम बेबीताई. लाख वर्षं आयुष्य आहे तुला, आत्ताच तुझ्या घरातून आले."

"माझ्या घरात काय करत होतीस?"

"अगं, आज पाणी आलं. या खेपेला फारच ताणलं मेल्यांनी. माझं भरलं, मग तुझा ड्रम भरला, माठ भरला."

"आनंदी, मी इथे पृथ्वीच्या टोकाला. तिथे पाणी कुणासाठी भरतेस?"

"म्हणजे काय? नळाला तुझा नंबर आहे की. तो काय सोडून द्यायचा? मागचं शिळं झाडांना घातलं, ताजं भरून ठेवलं. उद्या अचानक आलीस तर तोंड कशाने धुशील?" आनंदी दम खाऊन पुढे बोलत राहिली. "आणि दर रविवारी खिडक्या उघडते मी. बंद घराला वास मारतो. बुद्धासमोर अगरबत्ती लावते, तुझ्या खुर्चीवर जरा बसते, येते निघून. का गं, आवाज असा का झालाय? सर्दी झाली का?"

"हो. जराशी सर्दी झालीय," बेबीताई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्या लेकाच्या जाकिटाच्या बाहीत तोंड घालून रडल्या.

रात्र त्यांनी कशीबशी ढकलली. घरातली सगळी पांघरुणं गोळा केली, इशिताचं डायनोसॉरचं ब्लँकेटसुद्धा. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पोटाशी धरलं. सकाळी उठल्या तेव्हा पाठ आखडली होती, पण डोकं निवळलं होतं. राग ओसरला होता. पोरगा आहे, कामाच्या गडबडीत असतो, आपणच फार मनाला लावून घेतलं. दुपारी येतील, पोरीला आवडतो तसा मऊ भात टाकू. हो म्हणायचं ठरलंय ते ठरलंय. त्यांनी जाकीट काढून खुंटीला टांगलं, कुणाला कळू नये म्हणून.

दुपारी तांदूळ धुताना छताच्या जाळ्या घरघरल्या. एक नाही, सगळ्या, सगळ्या खोल्यांतल्या. गरम हवा बदाबदा खाली यायला लागली. बेबीताई ओल्या हातांनी बोळात गेल्या. पट्टीवर एकवीसचा आकडा होता आणि खाली 'होम'.

त्यांचं विमान उतरलं असणार. मंडळी घराकडे निघाली, म्हणून घर तापायला लागलं होतं.

कालपासून जी बाई या घरात जिवंत, हिंडतीफिरती होती, तिच्यासाठी नव्हे. ती असताना घर रिकामं होतं. विमानतळावर तीन माणसं उतरली आणि घर भरलं. बेबीताईंना ती गरम हवा अंगावर घेववेना. त्यांनी तांदूळ तसेच पाण्यात ठेवले, गॅस बंद केला, शाल उचलली. फोन ओट्यावरच राहिला. मागच्या दाराने बाहेर पडून, कुंपणाला वळसा घालून त्यांनी मेरेचं दार वाजवलं.

मेरेच्या घरात लाकडाची शेगडी ढणढणत होती. खुर्ची, मांजर, चहाचा मग, सगळं त्या शेगडीभोवती. बेबीताई तिच्यासमोर बसल्या आणि हात पुढे केले. बोटं दुखायला लागली, इतकी गार झाली होती.

"रोज पेटवतेस?" त्यांनी विचारलं. "एकटीसाठी?"

"हो मग," मेरे म्हणाली. "मला थंडी वाजते."

बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं. इतकं सोपं होतं ते. त्यांना कालपासून हे वाक्य कुणालाही म्हणता आलं नव्हतं.

मेरेच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. थोड्या वेळाने गाडी आली. दारं आपटली, इशिता पळत आत गेली. मग नागसेनची हाक आली, "आई." पुन्हा, "आई, कुठेयस?" हाक एका खोलीतून दुसरीत फिरत होती, आणि दर फेरीला आवाज चढत होता. मेरेने भुवया उंचावून बेबीताईंकडे पाहिलं. बेबीताई हलल्या नाहीत. फिरू दे त्याला खोल्याखोल्यांतून, त्यांना वाटलं. मीही फिरले आहे. असं वाटल्याची त्यांना लाज वाटली, पण तरी आणखी दोन हाका त्यांनी होऊ दिल्या, आणि मग उठल्या.

घरात शिरल्या तेव्हा नागसेन हातात त्यांचा फोन धरून उभा होता, चेहरा पांढरा पडलेला.

"आई, कुठे होतीस तू? एअरपोर्टवरून किती फोन केले. काय काय आलं माझ्या मनात."

"शेजारी होते. शेकत बसले होते."

"शेकत? घर तर मस्त गरम आहे."

तेवढ्यात श्रद्धा कोपऱ्यातल्या खोलीतून आली. तिच्या हातात डायनोसॉरचं ब्लँकेट आणि ती रबरी पिशवी होती. नर्सचे डोळे ते. तिने सासूचा चेहरा पाहिला, खुंटीवरचं जाकीट पाहिलं.

"आई, पलंगावर सगळ्या घरातली पांघरुणं आहेत," ती हळू म्हणाली. "हीटर चालू नव्हता?"

"तुझ्या नवऱ्याने कमी केला होता. मी वाढवला, त्याने तिकडून परत कमी केला. दोनदा वाढवून पाहिला, मग सोडून दिला." बेबीताईंचा आवाज शांत होता. "माझाच सल्ला होता ना. घरात कोणी नसताना."

"मी?" नागसेन म्हणाला. "आई, मी हातही लावला नाही. ते आपोआप होतं. आमचे दोन्ही फोन घरापासून लांब गेले की ते समजतं घरात कोणी..."

श्रद्धाने डोळे मिटून घेतले.

म्हणजे त्याने कमी केलं नव्हतं. तिकडे बसून आकडा खाली ओढणारा लेक बेबीताईंच्या मनातून विरघळला, आणि बरं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. तो निदान आईकडे बघत तरी होता.

"मी खरंच काहीच केलं नाही गं," नागसेन म्हणाला. डोळे भरले होते त्याचे.

"कळलं," त्या म्हणाल्या. "काहीच केलं नाहीस."

तो खुर्चीवर बसला. त्याने दोन्ही फोन जवळ धरले, काहीबाही दाबलं. "आत्ता जोडतो. मार्चमध्येच करायला हवं होतं. हे बघ, झालं. ही तू." घराच्या चित्रात आता तीन डोकी होती. तिसऱ्याखाली 'आई' असं लिहिलं होतं. बेबीताईंनी चष्मा नीट करून पाहिलं.

"मी बाहेर गेले की हे काय होतं?"

"फिकट होतं. घरी आलीस की परत गडद."

"बरं." त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा फिरवायच्या तसा. "मग ते काढू नकोस. मी सप्टेंबरात जाईन, तिकीट आहे त्याच तारखेला. फिकट दिसलं तरी असू दे तिथे."

"आई, एवढ्यावरून? चूक झाली माझी. राहा ना."

"येईन की. पुढच्या वर्षी येईन, बोलावशील तेव्हा येईन. चिडून नाही जात रे." बेबीताईंना खरंच राग नव्हता. दोन दिवस घरभर हिंडणारं मन एका जागी येऊन बसलं होतं, आणि त्यामुळेच त्यांना रडू येत होतं. "आनंदीने काल माझा ड्रम भरून ठेवलाय."

मनमाडचा मुलगा तो. पाण्याच्या दिवशी शाळा बुडवून हंडे वाहिलेला. तो मान खाली घालून फोनकडे बघत राहिला. बेबीताई ओट्याकडे गेल्या, भिजलेल्या तांदळातलं पाणी ओतून टाकलं आणि गॅस लावला.